होथचे बंदर आणि तिथली गढी

मागच्या अंकात या सदराच्या शेवटी आयर्लंडमधल्या होथ या गावाचे एक छायाचित्र छापले होते. दगडी धक्क्याला लागलेल्या मासेमारी बोटी, मागे चढणीवरची घरे आणि समोर समुद्रात एक खडकाळ बेट, एवढेच त्या चित्रात होते. खाली टीप होती : ‘डब्लिनजवळचे होथ बंदर. टपालासाठी बांधले, पण फसले. गावात आठशे वर्षांचा किल्ला आहे.’ इतक्या त्रोटक मजकुरावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून एवढी पत्रे येतील असे वाटले नव्हते. त्यांतल्या तीन पत्रांना येथे उत्तर देत आहे. इतरांनी विचारलेले बहुतेक त्यात आपोआपच येऊन जाईल.

प्रश्न : आम्ही सातारकर असलो तरी कुंभार्ली घाट उतरून वर्षातून एकदा तरी हर्णैला जातोच. तिथे समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो आणि अलीकडे किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो, त्यामुळे बंदर आणि किल्ला ही जोडी आमच्या डोळ्यांसमोर पक्की बसलेली आहे. होथचा किल्लाही बंदराच्या रक्षणासाठीच बांधला असणार. मग तो छायाचित्रात कोठेच कसा दिसत नाही? तो पाण्यात आहे की किनाऱ्यावर?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : आपली शंका अगदी रास्त आहे आणि तिचे मूळ माझ्या टिपेतल्या एका शब्दात आहे. ‘कॅसल’ या शब्दाला आपण सवयीने किल्ला म्हणतो, मीही तेच केले, आणि किल्ला म्हटले की मराठी वाचकाला तट, बुरूज, शिबंदी आणि तोफा दिसू लागतात. होथ कॅसलला ‘गढी’ म्हणायला हवे होते. आपल्याकडे देशमुखांच्या किंवा इनामदारांच्या गढ्या असत, म्हणजे मालक कुटुंबासह राहतो ती जागा, पण भिंती जाड, दरवाजा भक्कम आणि प्रसंग आला तर चार दिवस आतून लढता येईल अशी बांधणी. होथची वास्तू त्याच जातीची आहे. ती पाण्यात नाही, धक्क्यावरही नाही. बंदरापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, आतल्या बाजूला, झाडीत आहे. म्हणूनच धक्क्यावरून काढलेल्या चित्रात ती आली नाही.

सुवर्णदुर्गाची गोष्ट वेगळी. तो आरमाराचा किल्ला होता. कान्होजी आंग्रे यांच्या सत्तेचा तो एक खांब होता आणि पुढे १७५५ साली तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एकत्र आले तेव्हा कमोडोर जेम्सने त्याच्यावर समुद्रातून तोफा डागल्या, कारण तो पडल्याशिवाय तो किनारा हाती येणार नव्हता. होथच्या गढीवर अशी वेळ आली नाही, कारण समुद्रावर हुकमत ठेवणे हे तिचे काम कधीच नव्हते. जमिनीवरची मालकी टिकवणे हे तिचे काम होते, आणि ते तिने विलक्षण चिकाटीने केले.

होथ हे डब्लिन शहराच्या ईशान्येला, साधारण पंधरा किलोमीटरवर समुद्रात शिरलेले डोंगराळ भूशिर आहे. एका अरुंद, सखल पट्ट्याने ते मुख्य भूमीला जोडलेले आहे. आयरिश भाषेत त्याला बिन एडर म्हणतात. ‘होथ’ हे नाव उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतले असून त्याचा मूळ अर्थ ‘डोके’ असा आहे. या लोकांनी इसवी सन ८२१ च्या सुमारास होथ लुटले आणि तिथल्या अनेक स्त्रियांना धरून नेले, अशी नोंद जुन्या आयरिश बखरींत आहे. त्यांच्या वस्तीची खूण गावासमोरच्या बेटाच्या नावातही राहिली आहे. त्या बेटाला इंग्रजीत ‘आयर्लंड्स आय’ म्हणतात आणि एका पत्रलेखकाने त्याचे भाषांतर ‘आयर्लंडचा डोळा’ असे केले आहे. भाषांतर चुकले, पण ऐकणाऱ्या कोणाचेही चुकावे असेच ते नाव आहे : शेवटचा ‘आय’ म्हणजे डोळा नव्हे, व्हायकिंगांच्या बोलीत तो बेटाला असलेला शब्द आहे.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधून नॉर्मन सरदार आयर्लंडमध्ये उतरले. त्यांच्यापैकी अल्मेरिक नावाच्या सरदाराने ११७७ साली होथ जिंकले आणि लढाईचा दिवस संत लॉरेन्सचा असल्यामुळे घराण्याने ‘सेंट लॉरेन्स’ हे आडनाव घेतले, असे परंपरा सांगते. त्यांचे पहिले ठाणे लाकडी होते आणि तेवढे मात्र बंदराच्या वरच्या टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून होते. पुढे घराण्याने तेथून हलून आत, आजच्या जागी मुक्काम केला. आज दिसणारा जुना दगडी मनोरा आणि दरवाजा पंधराव्या शतकातले आहेत. नंतरच्या पिढ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दालने जोडली. तेव्हा ‘आठशे वर्षांचा किल्ला’ हे माझे दुसरे चुकीचे विधान. आठशे वर्षांचा होता तो घराण्याचा ताबा, भिंती नव्हेत.

या घराण्याला आधी बॅरन आणि अठराव्या शतकात अर्ल हा किताब मिळाला. १९०९ साली शेवटचे अर्ल निपुत्रिक वारले आणि मालमत्ता भाच्याकडे गेली. त्याने मामाचे आडनाव आपल्या नावाला जोडले आणि वास्तूच्या दुरुस्तीसाठी एडविन ल्युटेन्स या वास्तुविशारदाला बोलावले. १९११ च्या सुमारास होथच्या गढीला नवा मनोरा आणि ग्रंथालय देणारे हे गृहस्थ पुढच्याच वर्षी नव्या दिल्लीच्या आखणीसाठी हिंदुस्थानात आले. आपले राष्ट्रपती भवन त्यांचेच. अखेर २०१९ साली कुटुंबाने गढी आणि सभोवतीची जमीन एका गुंतवणूक कंपनीला विकली. एका जागी एका घराण्याने इतका दीर्घ काळ राहणे युरोपातही दुर्मीळच, आणि ही विक्री वाचताना मला खरोखर वाईट वाटले.

आता रक्षणाचा प्रश्न. ज्या टेकडीवर पहिले लाकडी ठाणे होते तिथे आज एक बुटका, गोल, जाड भिंतींचा दगडी बुरूज दिसतो. नेपोलियन समुद्रमार्गे येईल या धास्तीने ब्रिटिश सरकारने १८०५ च्या आसपास डब्लिनच्या किनाऱ्यावर असे बुरूज ओळीने बांधले. आपल्या मनातल्या किल्ल्याचे काम होथमध्ये कोणी केले असेल तर या बुरुजाने. आणि नेपोलियन तिकडे फिरकलाच नाही.

प्रश्न : होथच्या किल्ल्याचे दार जेवणाच्या वेळी बंद करायचे नाही आणि पंक्तीत एक पान जास्तीचे वाढायचे, अशी अट एका समुद्री लुटारू स्त्रीने घातली होती, असे वाचले. ही गोष्ट खरी आहे का? आणि त्या स्त्रीची तुलना कान्होजी आंग्रे यांच्याशी करता येईल का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, वाई

उत्तर : ती स्त्री खरी आहे. ग्रॉन्या नी वाल्या हे तिचे आयरिश नाव. इंग्रज तिला ग्रेस ओमॅली म्हणत. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओमॅली घराण्याची ती लेक. जन्म १५३० च्या सुमाराचा, मृत्यू १६०३ च्या सुमाराचा. वडिलांची गलबते आणि माणसे पुढे तिच्या हाताखाली आली आणि आयुष्यभर ती समुद्रावर वावरली.

गोष्ट अशी सांगतात की १५७६ साली परतीच्या प्रवासात शिधापाणी घेण्यासाठी ती होथला उतरली आणि गढीवर गेली. दार बंद होते. ‘मालक जेवायला बसले आहेत, आत सोडता येणार नाही,’ असा निरोप आला. संतापलेली ग्रॉन्या किनाऱ्याकडे वळली, वाटेत तिला घराण्याचा लहान वारस भेटला, त्याला तिने गलबतावर चढवले आणि थेट पश्चिमेला आपल्या मुलखात नेले. होथचे लॉर्ड खंडणी घेऊन धावत गेले तर तिने पैसे घेतले नाहीत. तिने एवढेच वचन घेतले की जेवणाच्या वेळी पाहुण्याला दार बंद असणार नाही आणि पानांवर एक पान नेहमी अधिक वाढलेले असेल.

आपल्याकडे दुपारी जेवणाच्या वेळी दारात आलेल्याला ‘आधी दोन घास खाऊन घ्या’ म्हणण्याची रीत आहे, त्यामुळे या गोष्टीतला अपमान मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पण इतिहास म्हणून ती तपासू लागलो की अडचणी येतात. ग्रॉन्या ही इंग्लंडच्या राणी एलिझाबेथची भेट घेऊन परतत होती असे काही जण सांगतात. ती भेट मात्र १५९३ साली झाली, म्हणजे प्रचलित तारखेनंतर सतरा वर्षांनी. त्याहून महत्त्वाचे असे की सतराव्या शतकातल्या एका आयरिश हस्तलिखितात अगदी हाच प्रसंग पश्चिम आयर्लंडमधल्या बर्क घराण्यातल्या एका जुन्या पुरुषाच्या नावावर आहे : त्यानेही होथच्या लॉर्डला पकडून पश्चिमेला नेले आणि जेवणाच्या वेळी दार उघडे ठेवण्याखेरीज काही मागितले नाही. याचा अर्थ मी असा लावतो की होथच्या बंद दाराची गोष्ट आधीपासून लोकांच्या तोंडी असावी आणि ग्रॉन्या प्रसिद्ध झाल्यावर ती तिच्या नावाला येऊन चिकटली असावी. आपल्याकडेही कितीतरी गोष्टी अशाच मोठ्या नावांकडे ओढल्या गेल्या आहेत. मात्र जास्तीचे पान वाढण्याची प्रथा सेंट लॉरेन्स कुटुंबाने खरोखर पाळली, अगदी आपल्या काळापर्यंत, आणि प्रसंग घडला असो वा नसो, प्रथा खरीच आहे.

ग्रॉन्याचे खरे चरित्र या गोष्टीपेक्षा मोठे आहे. १५९३ साली पश्चिम आयर्लंडच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिच्या मुलाला आणि भावाला कैद केले तेव्हा साठी ओलांडलेली ही बाई राणीला अर्ज करून थांबली नाही. दरबारातून आलेल्या अठरा प्रश्नांची तिने उत्तरे दिली आणि मग समुद्रमार्गे लंडनजवळच्या ग्रीनिच येथे जाऊन राणीसमोर उभी राहिली. दोघी जवळपास एकाच वयाच्या होत्या. कैद्यांची सुटका झाली.

कान्होजींशी तुलना जपून करावी. इंग्रजांनी दोघांनाही चाचे म्हटले आणि दोघेही आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांकडून पैसा वसूल करीत, एवढे साम्य आहे. पण कान्होजींच्या पाठीशी राज्य होते. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने त्यांनी छत्रपती शाहूंचा पक्ष धरला आणि साताऱ्याच्या गादीने त्यांचे सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखाचे पद, मान्य केले. तेव्हा त्यांचे दस्तक म्हणजे एका सत्तेचा परवाना होता. ग्रॉन्याचा हक्क तिच्या कुळापुरता होता. तिच्या मागे राजा नव्हता, राजधानी नव्हती, आणि म्हणूनच तिला शेवटी शत्रूच्या राणीकडे दाद मागावी लागली.

प्रश्न : मी टपाल खात्यातून निवृत्त झालो आहे. टपालासाठी बंदर बांधले, ही गोष्ट मला नवीन आहे आणि ते फसले हे वाचून चुटपुट लागली. ते का बांधले आणि का फसले, हे सविस्तर लिहावे. मुलगा डब्लिनला असतो. पुढच्या वर्षी तिकडे गेलो तर त्या काळाची काही खूण पाहायला मिळेल का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : १ जानेवारी १८०१ पासून आयर्लंडची स्वतंत्र संसद बंद झाली आणि तिथले लोकप्रतिनिधी लंडनला बसू लागले. राज्यकारभाराचा सगळा कागद आता लंडन आणि डब्लिन यांच्यामध्ये ये-जा करणार होता, आणि मध्ये समुद्र होता. वेल्सच्या टोकावरचे हॉलीहेड हे पलीकडचे सोयीचे बंदर ठरलेले होते. अडचण अलीकडे होती. डब्लिन लिफी नदीच्या मुखाशी वसले आहे आणि त्या मुखाशी वाळूचा उथळ पट्टा होता. तो ओलांडण्यासाठी जहाजांना भरतीची वाट पाहत बाहेर उभे राहावे लागे आणि वारा फिरला तर ते उभे राहणे जिवावर बेतत असे. टपाल भरतीसाठी खोळंबत होते. यावर तोडगा म्हणून शहराच्या वाळूपासून दूर, भूशिराच्या उत्तरेकडे, होथला बंदर बांधायचे ठरले.

काम १८०७ साली सुरू झाले. सुरुवातीच्या बांधकामाचा काही भाग कोसळला, तेव्हा १८०९ मध्ये जॉन रेनी या नामांकित अभियंत्याकडे काम सोपवण्यात आले. दगड जवळच्याच किलरॉक खाणीतून येई आणि दर्शनी भागाचा ग्रॅनाइट उपसागराच्या पलीकडून, डॉकीहून, जहाजाने आणला जाई. पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून दोन लांब धक्के समुद्रात काढले आणि त्यांच्या टोकांमध्ये प्रवेशापुरती फट ठेवली. १८१८ साली पूर्व धक्क्याच्या टोकावरचा दिवा लागला आणि होथ हे टपाल बोटींचे अधिकृत ठाणे झाले.

पण बांधकाम चालू असतानाच बंदरात गाळ बसू लागला होता. हे कसे होते ते सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. कृष्णेचा पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर आणि घरांच्या ओसऱ्यांवर जो मऊ, चिकट थर राहतो तो पाणी धावत असताना बसत नाही. ते थांबते तेव्हा बसतो. २०१९ च्या महापुरानंतर कोपऱ्याकोपऱ्यांत, जिथे पाणी तुंबून राहिले तिथेच तो जास्त जाड होता. होथचे धक्के लाटा अडवण्यासाठी होते आणि ते काम त्यांनी चोख केले, परंतु भरतीबरोबर आत आलेली रेती त्या शांत पाण्यात खाली बसली आणि ओहोटीच्या मंद ओढीने ती बाहेर गेली नाही. तळाशी खडक असल्यामुळे खोली वाढवणेही सोपे नव्हते. तिथे भरती-ओहोटीच्या पातळीत तीन मीटरांहून अधिक फरक पडतो, त्यामुळे ओहोटीला बंदराचा मोठा भाग उघडा पडे. त्यात १८२० नंतर शिडांच्या टपाल बोटींच्या जागी आगबोटी आल्या. त्या वाऱ्यावर अवलंबून नव्हत्या आणि वेळापत्रकाने चालत, पण त्यांना पाणी अधिक लागे. जे बंदर भरतीची वाट पाहायला लागू नये म्हणून बांधले, त्याच्याच तोंडाशी टपाल पुन्हा भरतीची वाट पाहू लागले.

दरम्यान एक मोठी दुर्घटना घडून गेली होती. होथचे काम सुरू झाले त्याच वर्षी, १९ नोव्हेंबर १८०७ रोजी, डब्लिनच्या उपसागरात वादळात ‘रॉचडेल’ आणि ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ही सैनिकांनी भरलेली दोन जहाजे फुटून सुमारे चारशे माणसे बुडाली. किनाऱ्यावर अगदी जवळ माणसे मरत होती आणि आसरा घ्यायला बंदर नव्हते. त्या हळहळीतून उपसागराच्या दक्षिणेला, आज डन लेरी म्हणतात तिथे, खोल पाण्याचे नवे बंदर १८१७ पासून उभारले जाऊ लागले. १२ ऑगस्ट १८२१ रोजी राजा चौथा जॉर्ज ‘लाइटनिंग’ या टपाल आगबोटीने आला तो होथच्या पश्चिम धक्क्यावर उतरला; तीन आठवड्यांनी तो परतला तो मात्र डन लेरीहून, आणि त्या गावाला त्याच्या मानार्थ ‘किंग्जटाउन’ हे नाव मिळाले. पुढे काय होणार हे त्या एका भेटीत दिसून आले. टपाल हळूहळू तिकडे सरकू लागले आणि १८३४ पर्यंत पुरते गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डब्लिन ते किंग्जटाउन ही आयर्लंडमधली पहिली रेल्वे धावली.

आपल्याला चुटपुट लागली, पण येथून पुढची हकिकत मला या बंदराच्या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटते. सरकारचे काम संपले तरी धक्के जागेवरच होते. मासेमारी बोटींना आगबोटीएवढे पाणी लागत नव्हते. ओहोटीला त्या गाळावर कलून टेकत आणि भरती आली की उठत. हर्णैला होड्या बाहेर खोल पाण्यात नांगरून मासळी किनाऱ्यावर आणताना होणारी दगदग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना लाटांपासून आडोसा आणि पायाखाली सरळ दगडी धक्का मिळणे म्हणजे काय हे कळेल. १८४७ मध्ये होथपर्यंत रेल्वे पोचली आणि सकाळची मासळी त्याच दिवशी डब्लिनच्या बाजारात जाऊ लागली. हेरिंग माशांच्या हंगामात स्कॉटलंड, कॉर्नवॉल आणि आइल ऑफ मॅन येथील बोटीही होथला येत. ज्या गाळाने टपाल घालवले तो कोळ्यांना चालला. म्हणून ‘फसले’ हा टिपेतला शब्दही अपुराच होता.

बंदराने एक दिवस मात्र सगळ्या आयर्लंडचे लक्ष वेधले. २६ जुलै १९१४ च्या रविवारी दुपारी ‘आसगार्ड’ ही शिडाची नौका आत शिरली. नौकेवर लेखक अर्स्किन चिल्डर्स होते, बरोबर त्यांच्या पत्नी मॉली आणि मेरी स्प्रिंग राइस होत्या, आणि केबिनमध्ये पाय ठेवायला जागा राहू नये इतक्या, ९०० जर्मन बनावटीच्या रायफली होत्या. वाट मोकळी असल्याची खूण द्यायला येणारी मोटरबोट खराब हवेमुळे आलीच नव्हती, तरी त्यांनी आत येण्याचा धोका पत्करला. धक्क्यावर आयर्लंडच्या स्वराज्यासाठी उभ्या राहिलेल्या दलाचे आयरिश स्वयंसेवक वाट पाहत होते. अर्ध्या तासाच्या आसपास त्यांनी भर दिवसा हातोहात माल उतरवला. त्याच संध्याकाळी डब्लिनमध्ये सैनिकांनी जमावावर गोळीबार केला आणि माणसे मारली गेली. त्या रायफलींपैकी काही दोन वर्षांनी, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावात, वापरल्या गेल्या. चिल्डर्स यांना १९२२ च्या यादवीत आयर्लंडच्याच नव्या सरकारने गोळ्या घातल्या आणि १९७३ साली त्यांचा मुलगा त्याच देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

यंत्राच्या ट्रॉलर बोटी आल्यावर मात्र खोलीचा जुना प्रश्न कोळ्यांपुढेही उभा राहिला. १९८० च्या दशकात गाळ काढून बंदराचे दोन भाग करण्यात आले, एक ट्रॉलरांसाठी आणि एक हौशी शिडाच्या नौकांसाठी. सरकारी मालकीच्या सहा प्रमुख मासेमारी बंदरांत आज होथची गणना होते. तिथे उतरणाऱ्या मालात ‘डब्लिन बे प्रॉन’ या नावाने विकल्या जाणाऱ्या, लांब नांग्यांच्या केशरी कोलंबीला मोठा भाव असतो.

आपण जाल तेव्हा डब्लिनहून लोकल गाडीने जावे. अर्ध्या तासाचा प्रवास आहे आणि शेवटचा फाटा १८४७ चाच आहे. स्थानकाबाहेर पडले की समोर पश्चिम धक्का. त्याच्या टोकाकडे चालत गेलात तर एका दगडात दोन पावले कोरलेली दिसतील : चौथा जॉर्ज बोटीतून जिथे उतरला ती जागा रॉबर्ट कॅम्बेल या पाथरवटाने तशी नोंदवून ठेवली. आपल्या खात्याची होथमधली सर्वांत स्पष्ट खूण तीच समजावी, कारण राजाला तिथवर आणणारी बोट टपालाची होती. दगडाची झीज झाली आहे, तेव्हा ऊन तिरपे असताना पाहावे. परतताना त्याच धक्क्यावर मासळीची दुकाने लागतात, आणि त्यांच्या मागच्या बाजूला ट्रॉलर लागलेले असतात.